सर्व्हर आपले, वर्गणीही आपली : ‘एओथ्री’चा प्रकरण अभ्यास

१७ मे २००७ रोजी लाइव्हजर्नल या संकेतस्थळावर ‘अॅस्टोलॅट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका चाहतीने एक टिपण टाकलं. आपल्या फॅनफिक्शन कथांसाठी आपलं स्वतःचं, आपणच चालवलेलं संग्रहालय हवं, एवढीच मागणी. सोबत अपेक्षांची यादी होती. जाहिराती नकोत, खर्च देणग्यांतून भागवायचा, कायद्यात बसतं ते सगळं लिहायला मुभा हवी आणि गूगलपासून तोंड लपवून बसायचं नाही. या टिपणातून उभी राहिलेली ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ ही जागा आज जगभर ‘एओथ्री’ म्हणून ओळखली जाते. २०१९च्या जुलैत तिथल्या रचनांची संख्या ५० लाखांवर गेली आणि २०२२मध्ये ती एक कोटी झाली. एवढी वाढ होऊनही तिथे एकही जाहिरात नाही, लेखकांना मानधन मिळत नाही आणि विकायलाही काही नाही. चाहत्यांच्या उत्साहाचं कौतुक पुष्कळ होतं. ही जागा टिकली कशी आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर.

फॅनफिक्शन म्हणजे आवडत्या मालिकेतली, कादंबरीतली, चित्रपटातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या कथा. मूळ कथेत जे घडलं नाही ते घडवायचं, मेलेल्याला जिवंत करायचं, दोन पात्रांचं जमवून द्यायचं. लिहिणाऱ्यांमध्ये बायकांचं प्रमाण फार मोठं. पैसा मिळत नाही आणि मिळावा अशी अपेक्षाही नसते. मिळतो तो वाचकांचा प्रतिसाद, चुका काढून देणारी मैत्रीण (तिथे तिला ‘बीटा’ म्हणतात) आणि ‘पुढचा भाग कधी?’ हा तगादा.

मे महिन्यातले दोन धक्के

ते टिपण आलं त्याच सुमाराला फॅनलिब नावाची कंपनी बाजारात उतरली होती. जवळपास ३० लाख डॉलरचं भांडवल हाताशी होतं आणि बेत असा, की चाहत्यांनी फुकट कथा आणून टाकायच्या आणि कंपनीने त्यावर धंदा करायचा. कॉपीराइटचं काही झेंगट निघालं तर जबाबदारी लिहिणाऱ्याची, असं अटींतच लिहिलेलं. चालवणारे सगळे पुरुष आणि ज्यांच्या जिवावर धंदा चालायचा त्या बहुतेक बायका, हेही कुणाच्या नजरेतून सुटलं नाही. संताप उसळला. सव्वा वर्षातच, २००८च्या ऑगस्टमध्ये, फॅनलिबने दुकान गुंडाळलं.

दुसरा धक्का २९ मे २००७च्या सुमारास बसला. ‘वॉरियर्स फॉर इनोसन्स’ नावाच्या एका गटाच्या तक्रारीवरून लाइव्हजर्नलने सुमारे ५०० खाती आणि समूह रातोरात बंद केले. निकष काय, तर खात्यावर ‘आवडीचे विषय’ म्हणून नोंदवलेले शब्द. कुणी कुठल्या संदर्भात ते शब्द लिहिलेत, हे बघायची तसदी घेतली गेली नाही. त्यामुळे बाललैंगिक अत्याचार करणाऱ्या गुन्हेगारांच्या नावाखाली फॅनफिक्शनचे समूह गेले, एका गाजलेल्या कादंबरीवर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा समूह गेला आणि लैंगिक अत्याचारातून वाचलेल्यांचे आधारगटही गेले. बंद झालेल्या खात्याच्या नावावर आडवी रेघ दिसे, म्हणून या घटनेला ‘स्ट्राइकथ्रू’ हे नाव पडलं. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली, बरीच खाती परत आली. पण ऑगस्टमध्ये पुन्हा खाती उडाली आणि डिसेंबरमध्ये लाइव्हजर्नलच एका रशियन कंपनीला विकलं गेलं.

‘मायबोली’, ‘मनोगत’, ‘मिसळपाव’वर वर्षानुवर्षं वावरलेल्या मराठी माणसाला संपादक, मालक आणि ‘माझा धागा का उडवला?’ हे भांडण नवीन नाही. पण तिथे मालक निदान आपल्याच भाषेतला, आपल्यातलाच कुणीतरी असतो, त्याला गाठून चार शब्द सुनावता येतात. लाइव्हजर्नलवरच्या या बायकांना भांडायलाही समोर माणूस नव्हता.

संस्था आधी, संकेतस्थळ नंतर

इथे या मंडळींनी जे केलं ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. नवं संकेतस्थळ घाईघाईने उभं करण्याऐवजी त्यांनी आधी संस्था नोंदवली. २००७मध्येच ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था अमेरिकेत स्थापन झाली. संस्थापकांत कादंबरीकार नेओमी नोविक होत्या, कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्सेस्का कोपा होत्या आणि कायद्याच्या प्राध्यापक रिबेका टशनेट होत्या. लिहिणारी, शिकवणारी आणि कायदा जाणणारी अशा तिघी एका टेबलाशी असणं नुसता योगायोग असेल, पण पुढचं बरंच काही त्यामुळेच निभावलं.

संस्थेच्या नावातला ‘ट्रान्सफॉर्मेटिव्ह’ हा शब्द कायद्यातून उचललेला आहे. मूळ कलाकृतीत नवा अर्थ, नवा सूर आणणारी निर्मिती ‘फेअर यूज’मध्ये, म्हणजे परवानगीशिवाय करता येणाऱ्या रास्त वापरात, बसू शकते, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या एका निकालात म्हटलं होतं. त्याचा आधार घेऊन संस्थेने भूमिका घेतली की फॅनफिक्शन ही चोरी नाही. त्याआधीच्या पिढीतल्या चाहत्या कथेच्या डोक्यावर ‘पात्रं माझी नाहीत, कृपया खटला भरू नका’ अशी विनवणी लिहीत. त्या विनवणीच्या जागी आता वकील आले. २०१०मध्ये, चित्रपटांचे तुकडे जोडून बिगरव्यावसायिक व्हिडिओ करणाऱ्यांना डीव्हीडीचं नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप तोडल्याबद्दल दोषी धरू नये, ही सवलत अमेरिकेत मिळाली. ती मिळवण्यातही या संस्थेचा हात होता.

कायद्याच्या या भूमिकेतून एक कडक नियम आला. एओथ्रीवर पैशाचा विषय काढायचाच नाही. कथेखाली ‘मला इथे कॉफीपुरते पैसे पाठवा’ अशी ओळ टाकली, चाहत्यांकडून पैसे घेण्याच्या पॅट्रिऑनसारख्या सेवेचा दुवा दिला, तर तक्रार होते आणि ती ओळ काढावी लागते. नव्या मुलांना हा नियम जाचक वाटतो. बाकीच्या इंटरनेटवर प्रत्येकजण आपापलं दुकान मांडून बसलेला असताना इथेच सोवळं का, असा त्यांचा प्रश्न असतो. उत्तर सरळ आहे. लेखकांनी कमवायला सुरुवात केली की मूळ हक्कधारकांना कोर्टात जायला आयतं निमित्त मिळेल.

सॉफ्टवेअर त्यांनी स्वतः लिहिलं, ‘रूबी ऑन रेल्स’ वापरून. लिहिणाऱ्यांपैकी अनेकींनी कोडिंग याच कामासाठी शिकून घेतलं. २००८च्या ऑक्टोबरात निवडक लोकांसाठी आणि १४ नोव्हेंबर २००९ रोजी सगळ्यांसाठी संकेतस्थळ खुलं झालं. खुलं म्हणजे वाचायला. खातं काढायचं तर आजही रांगेत नाव नोंदवून निमंत्रणाची वाट बघावी लागते, कारण एकदम गर्दी झाली तर सर्व्हर कोलमडतील. सर्व्हर भाड्याचे नव्हेत, संस्थेच्या मालकीचे. २०१२मध्ये फॅनफिक्शन डॉट नेटने प्रौढ मजकुरावर कारवाई सुरू केली, २०१८च्या डिसेंबरात टंबलरने तेच केलं. प्रत्येक वेळी तिथून उठलेली माणसं इकडे आली. आणि इथे खाली बसायला जागा होती.

एक टॅग, एक बदली खेळाडू

आतलं काम कसं चालतं हे दोन उदाहरणांवरून कळतं.

पहिलं टॅगचं, म्हणजे कथेत काय आहे ते सांगणाऱ्या शब्दखुणांचं. लेखिकेला कथेला हवे ते टॅग लावता येतात, अगदी वाक्यच्या वाक्य लिहिता येतं. त्यामुळे एकाच गोष्टीची पन्नास रूपं होतात. एकजण ‘शेरलॉक होम्स/जॉन वॉटसन’ लिहिते, दुसरी नावांचा क्रम उलटवते, तिसरी ‘जॉनलॉक’ एवढंच लिहून मोकळी होते, चौथीकडून स्पेलिंग चुकतं. साधारण संकेतस्थळ यावर दोनच उपाय करतं. एक तर ठरलेल्या यादीतून निवडायला लावायचं, नाहीतर गोंधळ होऊ द्यायचा. एओथ्रीवर तिसरा उपाय आहे आणि तो माणसं करतात. ‘टॅग रँगलर’ म्हणवणारे शेकडो स्वयंसेवक एकेक नवा टॅग डोळ्यांखालून घालतात आणि ही सगळी रूपं एका मुख्य टॅगला जोडतात. लेखिकेने लिहिलेलं तिच्या कथेवर जसंच्या तसं राहतं. वाचणाऱ्याने मात्र कुठलंही एक रूप शोधलं तरी सगळ्या कथा समोर येतात. ग्रंथपालांनी हेवा करावा अशी ही व्यवस्था. ती चालते संध्याकाळी नोकरी, स्वयंपाक, अभ्यास आटोपून लॅपटॉप उघडणाऱ्यांच्या हातांनी. एखाद्या मालिकेचा रँगलर व्हायचं तर त्या मालिकेची खडान्खडा माहिती हवी. नाहीतर दोन वेगळ्या ‘जॉन’ना एकत्र बांधाल आणि वाचक तुमचं डोकं खातील.

दुसरं ‘यूलटाइड’चं. ही नाताळची कथा-देवघेव २००३पासून चालू आहे आणि २००९मध्ये ती एओथ्रीवर आली. ती फक्त दुर्लक्षित विषयांसाठी आहे, म्हणजे ज्यांवर फारसं कुणी लिहीत नाही अशी जुनी पुस्तकं, विसरलेले चित्रपट. तुम्ही चिठ्ठीत लिहायचं की मला या पात्रांची कथा हवी. ती चिठ्ठी एका अनोळखी लेखिकेकडे जाते आणि तुमच्याकडे तिसऱ्याच कुणाची चिठ्ठी येते. किमान १००० शब्द लिहायचे. २५ डिसेंबरला कथा उघडतात, पण लेखकांची नावं झाकलेली राहतात आणि ती १ जानेवारीला कळतात. मधल्या आठवड्यात ‘ही कुणी लिहिली असेल?’ याचे तर्क लढवले जातात आणि खरी गंमत त्यातच असते.

आता एवढ्या लोकांत कुणाचं मूल आजारी पडणार, कुणाची परीक्षा असणार, कुणाला ऐन वेळी काही सुचणारच नाही. अशांनी मुदतीआधी कळवलं की त्यांच्या वाट्याची चिठ्ठी ‘पिंच हिटर’कडे जाते. पिंच हिटर म्हणजे बदली खेळाडू. यादी फिरते, कुणीतरी हात वर करतं आणि कधी चार-दोन दिवसांत कथा पुरी करून देतं. ज्याने माघार घेतली त्याला कुणी जाब विचारत नाही आणि ज्याची चिठ्ठी होती तो रिकाम्या हाताने राहत नाही. ‘परस्पर साहाय्य’ असा जड शब्द या मंडळींनी कधी वापरला नसेल, पण ते असं दिसतं.

याच सवयीतून दानधर्माचे लिलाव निघाले. २०१०च्या हैती भूकंपानंतर लाइव्हजर्नलवरच्या चाहत्यांनी ‘हेल्प हैती’ नावाचा लिलाव मांडला, २०११मध्ये जपानसाठी मांडला. २०१६च्या अमेरिकन निवडणुकीनंतर सुरू झालेला ‘फॅन्डम ट्रम्प्स हेट’ हा लिलाव पुढे दरवर्षीचाच झाला. पद्धत अशी. लेखक, चित्रकार सांगतात की मी अमुक शब्दांची कथा किंवा एक चित्र देईन. वाचक बोली लावतात. जिंकलेल्याने रक्कम थेट नेमलेल्या सामाजिक संस्थेला द्यायची आणि पावती आयोजकांना दाखवायची. मग लेखिका कथा लिहायला बसते. मधल्या कुणाच्या खात्यात पैसा येतच नाही, त्यामुळे हिशेबावरून होणारी भांडणं आपोआप टळतात. आपल्याकडच्या मदतनिधी गोळा करणाऱ्या उत्साही गटांनी एवढी एक गोष्ट उचलली तरी पुष्कळ होईल.

वर्गणी, मतं, राजीनामे

खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीची वर्षं काटकसरीची गेली. २०१३च्या सुमारास वर्षाचा खर्च ७० हजार डॉलरच्या आसपास होता, आणि त्याच वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातल्या ५० उत्तम संकेतस्थळांत एओथ्रीची गणना केली. एप्रिल आणि ऑक्टोबर अशी वर्षातून दोनदा देणगीची मोहीम निघते. १० डॉलर दिले की सभासदत्व आणि संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत. हल्ली ठरवलेली रक्कम मोहिमेच्या सुरुवातीलाच जमते. मग दर वेळी तोच वाद रंगतो. शिल्लक एवढी असताना पुन्हा मागता कशाला, आणि हेच पैसे गरजूंना दिले असते तर?

मला हा वाद सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेसारखा वाटतो. सिंकिंग फंडात पैसे पडून आहेत तर वर्गणी का वाढवता, असं विचारणारे सभासद लिफ्ट बंद पडली की सगळ्यात आधी फोन करतात. सेक्रेटरीला पगार नसतो, त्याने रजाही घ्यायची नसते आणि शिव्या मात्र हक्काने त्याच्याच. भाडेकरू असताना मालकावर खापर फोडता येई, आता मालक आपणच.

या फुकटच्या कामाने माणसं थकली. २०१५च्या निवडणुकीत दोन नव्या सदस्या निवडून आल्या आणि त्यानंतर जुन्या मंडळातल्या उरलेल्या सगळ्यांनी राजीनामे दिले. कारभार पारदर्शक नाही, स्वयंसेवकांचं कुणी ऐकत नाही, या तक्रारी बऱ्याच दिवसांच्या होत्या. काही तांत्रिक कामं कंत्राटावर दिली जातात. बाकी तक्रारनिवारणापासून भाषांतरापर्यंतचा गाडा स्वयंसेवकच ओढतात. २०२२च्या मेमध्ये कुणीतरी या स्वयंसेवकांनाच ईमेलमधून अत्यंत घृणास्पद, बेकायदेशीर चित्रं पाठवली. छंद म्हणून टॅग लावायला बसलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, यावर काय बोलणार.

मुभा कुणाला, कुठवर

‘कायद्यात बसतं ते सगळं’ या तत्त्वाची दुसरी बाजू इथे येते. स्ट्राइकथ्रूने भाजलेल्या मंडळींनी ठरवलं होतं की मजकुराच्या चांगल्यावाईटाचा निवाडा आपण करायचा नाही. लेखकाने इशारे लावावेत आणि वाचकाने ते बघून आत जायचं की नाही ते ठरवावं. इशारा द्यायचा नसेल तर ‘मी इशारे देत नाही’ हेही सांगता येतं, मग आत शिरणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर शिरायचं. धोरण म्हणून ते स्वच्छ आहे. पण वंशद्वेषी कथा, आणि कथेआडून कुणाला लक्ष्य करून केलेला छळ, यांचं काय? कृष्णवर्णीय आणि आशियाई चाहत्या हे वर्षानुवर्षं विचारत होत्या. २०२०च्या जूनमध्ये संस्थेने सुधारणांचं आश्वासन दिलं. तीन वर्षांनी, २०२३च्या मेमध्ये, ‘आश्वासनाचं काय झालं?’ म्हणत पुन्हा मोहीम उभी राहिली. नको त्या व्यक्तीला रोखण्याची आणि तिचा मजकूर न दिसण्याची सोय मध्यंतरी आली आहे. माझ्या मते ती पुरेशी नाही. मजकूर न काढणं हे तत्त्व झालं, पण छळाच्या तक्रारीला वेळेत उत्तर मिळणं हा मनुष्यबळाचा प्रश्न आहे, आणि तत्त्वाच्या आड तो लपवता येत नाही.

चीनमध्ये याच्या उलट घडलं. अभिनेता शियाओ झान याच्यावर कुणीतरी लिहिलेली एक कथा त्याच्या काही चाहत्यांना अपमानकारक वाटली. त्यांनी सरकारी यंत्रणेकडे तक्रारींचा पाऊस पाडला आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी एओथ्री चीनमध्ये बंद झालं. लाखो चिनी लेखक-वाचकांची जागा एका झटक्यात गेली. ते इतके खवळले की त्यांनी त्या अभिनेत्याच्या जाहिरातींवर बहिष्कार टाकला. त्या बिचाऱ्याने कथेबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

बाहेरून मान्यता मिळाली ती २०१९मध्ये. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या जगात मानाचा असलेला ह्यूगो पुरस्कार एओथ्रीला ‘संबंधित साहित्य’ या गटात मिळाला. डब्लिनच्या समारंभात नोविक यांनी, जे जे स्वतःला या समूहाचे समजतात त्यांनी उभं राहावं, असं म्हटलं आणि सभागृहात ठिकठिकाणी माणसं उभी राहिली. मग घरोघरच्या लेखिकांनी गमतीने ‘मी ह्यूगो विजेती, निदान काही लाखांश’ असं मिरवायला सुरुवात केली, बिल्ले निघाले. पुरस्कार सांभाळणाऱ्या संस्थेला ते रुचलं नाही, ट्रेडमार्कची भाषा आली. विनोद कळायला हवा होता, असं माझं मत.

१० जुलै २०२३ रोजी एओथ्रीवर सायबर हल्ला झाला. खोट्या विनंत्यांचा एवढा लोंढा आला की संकेतस्थळ दिवसभराहून अधिक काळ बंद पडलं. हल्लेखोरांनी ३० हजार डॉलरची खंडणी मागितली, बिटकॉइनमध्ये. संस्थेने ती दिली नाही. हल्लेखोर स्वतःची जी धार्मिक-राजकीय ओळख सांगत होते तिच्यावर विश्वास ठेवू नका आणि त्यावरून कुठल्या समाजाला बोल लावू नका, असंही तिने लगेच वाचकांना बजावलं. सर्व्हर धापा टाकत असताना ही सूचना सुचणं मला विशेष वाटतं.

एक सोय मात्र वेगळी नोंदवायला हवी. इथे खातेदाराला आपला ‘चाहतेजगतातला वारस’ नेमता येतो. माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला तर त्याच्या कथांचं काय करायचं हे तो वारस ठरवतो. घरच्यांना या कथांचा पत्ताही नसतो, ही वस्तुस्थिती लक्षात घेऊन केलेली ही तरतूद. आणि लेखनाशी नातं तोडायचं, पण कथा पुसायच्या नाहीत, असं कुणाला वाटलं तर त्या ‘अनाथ’ करता येतात. लेखिकेचं नाव जातं, कथा राहते.

भाषांच्या यादीत मराठी आहे. मराठी कथा मात्र इंग्रजीच्या तुलनेत नगण्य आहेत.

सध्याची डोकेदुखी तिसरीच आहे. २०२५च्या वसंतात कुणीतरी एओथ्रीवरच्या सुमारे १ कोटी २६ लाख खुल्या रचना खरवडून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी हगिंग फेस या माहितीसंच ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवल्या. संस्थेने कॉपीराइटची नोटीस पाठवून तो संच बंद करायला लावला. पण एकदा उतरवून घेतलेलं परत कसं आणणार? गूगलपासून लपायचं नाही, हे पहिल्या टिपणातलं कलम अनेकींना आता महाग वाटू लागलं आहे. कित्येक लेखिकांनी आपल्या कथांना कुलूप लावलं, म्हणजे त्या फक्त खातेदारांनाच दिसतात. पाहुणे म्हणून वाचणारे त्यामुळे दाराबाहेर राहिले आहेत आणि आत यायचं तर त्यांना निमंत्रणाच्या रांगेत उभं राहावं लागतं.